सत्तावीस म्हणजे महाराष्ट्र की पुदुच्चेरी?

संशोधनासाठी गोळा केलेली माहिती संगणकात भरली जाते तेव्हा माणसांनी उच्चारलेले शब्द मागे राहतात आणि पुढे जातात ते केवळ रकाने व आकडे. मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या वतीने राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम पाहते. १९९२-९३ मध्ये सुरू झालेल्या या सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, ६,३६,६९९ कुटुंबांची पाहणी होऊन ७,२४,११५ स्त्रिया आणि १,०१,८३९ पुरुषांच्या मुलाखती घेण्यात आल्या. या मुलाखतींची साध्या मजकुराच्या स्वरूपातील फाइल उघडली, तर तिच्यात एकही वाक्य सापडत नाही. ‘व्ही०२४’ या चलाच्या जागी २७, ‘व्ही०२५’च्या जागी २, ‘व्ही१०६’च्या जागी ० असे अंक ओळीमागून ओळी उतरत गेलेले असतात, आणि महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात राहणारी, शाळेची पायरी कधीच न चढलेली एक स्त्री त्या तीन अंकांत सामावलेली आहे, हे फाइलकडे कितीही वेळ पाहत बसले तरी उमगत नाही.

ते उमगावे म्हणून विदेसोबत, म्हणजे निरीक्षणांतून किंवा मुलाखतींतून हाती आलेल्या डेटासोबत, आणखी एक दस्तऐवज ठेवावा लागतो. त्याला डेटा डिक्शनरी किंवा विदाकोश म्हणतात. सामाजिक पाहण्या करणारे लोक त्यालाच पूर्वापार कोडबुक म्हणत आले आहेत. विदेतील प्रत्येक रकाना हा एक ‘चल’ असतो, म्हणजे व्यक्तीगणिक किंवा वेळेगणिक बदलू शकणारी एखादी गोष्ट, आणि विदाकोशात अशा प्रत्येक चलाची स्वतंत्र नोंद असते. चलाचे फाइलमधील नाव, त्याचा पूर्ण अर्थ, तो ज्या प्रश्नातून आला त्या प्रश्नाचे शब्द, त्यात अंक अपेक्षित आहे की मजकूर, एकक कोणते, कमीत कमी व जास्तीत जास्त किती किंमत शक्य आहे, सांकेतिक अंक असतील तर कोणत्या अंकाचा अर्थ काय, प्रश्न कोणाला विचारला आणि कोणाला विचारलाच नाही, उत्तर मिळाले नाही तर काय लिहिले, आणि चल इतर चलांवरून गणित करून काढला असेल तर ते गणित कोणते, इतके त्या नोंदीत आले म्हणजे ती पूर्ण म्हणता येते. ही यादी वाचायला कंटाळवाणी आहे, आणि विदाकोशाकडे कारकुनी काम म्हणून पाहिले जाण्याचे एक कारण बहुधा हेच असावे. प्रत्यक्षात यातील प्रत्येक बाबीमागे कोणी तरी कधी तरी काढलेला चुकीचा निष्कर्ष उभा असतो.

राज्याचा सांकेतिक अंक ही त्यातल्या त्यात सर्वांत साधी बाब. पाचव्या फेरीत राज्यांना जनगणनेतील अंक दिलेले आहेत, त्यामुळे २७ म्हणजे महाराष्ट्र आणि ३० म्हणजे गोवा. २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत मात्र राज्ये इंग्रजी वर्णानुक्रमाने लावून त्यांना अंक दिलेले होते. तेथे महाराष्ट्र २० वर, गोवा १० वर आणि २७ वर पुदुच्चेरी आहे. सर्वेक्षण तेच आणि चलाचे नावही तेच असताना दोन्ही फायली एकाखाली एक जोडून ‘२७’ निवडणारा अभ्यासक पुदुच्चेरीतील स्त्रियांची तुलना महाराष्ट्रातील स्त्रियांशी करील, आणि मधल्या चार-पाच वर्षांत झालेल्या ‘बदलां’ची कारणेही बहुधा शोधून काढील. संगणक या प्रकाराला कोठेही हरकत घेत नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणी अंक २७ हाच असतो.

नाव तेच राहून आशय बदलणे हा याहून अवघड प्रकार. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला; परंतु चौथ्या फेरीने २०११ च्या जनगणनेतील ६४० जिल्ह्यांची चौकट स्वीकारलेली असल्याने त्या फेरीतील ‘ठाणे’ हे जव्हार, मोखाडा, विक्रमगड धरूनचे ठाणे आहे, तर ७०७ जिल्ह्यांच्या पाचव्या फेरीत पालघर वेगळा निघाला आहे. कुपोषणासाठी वर्षानुवर्षे चर्चेत राहिलेला आदिवासी पट्टा एका फेरीत जिल्ह्यात मोडतो आणि दुसरीत मोडत नाही. तेव्हा ठाण्याच्या दोन आकड्यांमधील फरकात प्रत्यक्ष सुधारणा किती आणि जिल्ह्याची सीमा सरकल्याचा परिणाम किती, हे वेगळे करून पाहणे भाग पडते. सांकेतिक अंकासमोर नुसते ‘ठाणे’ लिहिणारा विदाकोश येथे अपुरा ठरतो. कोणत्या तारखेच्या सीमा गृहीत धरल्या आहेत, हे त्या नोंदीतच असावे लागते.

उत्तर नसण्याची नोंद कशी करावी, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. जाणकारांच्या लेखी विदाकोशाची खरी परीक्षा तेथेच होते. बाळाचे जन्मावेळचे वजन या सर्वेक्षणात ‘एम१९’ या चलात ग्रॅममध्ये नोंदलेले असते, पण त्या रकान्यात ९९९६ हा अंक आला तर त्याचा अर्थ बाळाचे वजन केलेच नव्हते, आणि ९९९८ आला तर वजन आईला ठाऊक नाही. दहा किलोंचे नवजात बाळ असू शकत नाही हे खरे, तरी सरासरी काढताना माणूस एकेक अंक पाहत नाही. समजा, खरी सरासरी २,८०० ग्रॅम आहे आणि शंभरातील एका नोंदीत ९९९६ आहे. हे अंक न वगळता गणित केले तर सरासरी सुमारे २,८७२ ग्रॅम येते. बहात्तर ग्रॅमची ही वाढ कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही इतकी लहान आणि एखाद्या पोषण योजनेचे यश म्हणून मांडता येईल इतकी मोठी आहे. स्तनपानाच्या कालावधीच्या ‘एम४’ या चलात धोका आणखी सूक्ष्म होतो, कारण तेथे महिन्यांच्या संख्येसोबत ९४ म्हणजे कधीच न पाजलेले आणि ९५ म्हणजे अजून पाजत असलेले, असे एकमेकांच्या अगदी विरुद्ध अर्थांचे दोन अंक शेजारी शेजारी बसलेले आहेत.

रिकामी जागा हीसुद्धा एक नोंदच असते. घरगुती हिंसाचाराचे प्रश्न या सर्वेक्षणात सर्व स्त्रियांना विचारले जात नाहीत. निवडलेल्या कुटुंबांच्या एका लहान भागात, प्रत्येक घरातील एकाच स्त्रीला आणि तेही एकान्त मिळाला तरच ते विचारले जातात, कारण घरातील दुसऱ्या कोणाला प्रश्न कळले तर उत्तर देणारीच संकटात यायची. त्यामुळे बहुसंख्य ओळींत हे रकाने रिकामे असतात. रिकाम्या जागेला शून्य समजून, म्हणजे हिंसा झालीच नाही असे धरून टक्केवारी काढली, तर समाज आहे त्याच्या कितीतरी पट शांत दिसू लागतो. ‘प्रश्न कोणाला लागू’ ही विदाकोशातील ओळ येथे निष्कर्षच ठरवते.

मोजमापांच्या अंकांतही अशीच लपलेली गृहीतके असतात. जुन्या फायलींत जागा वाचवण्यासाठी दशांशचिन्ह गाळण्याची पद्धत पडली आणि ती आजवर टिकली. म्हणून वयाच्या मानाने उंची दाखवणाऱ्या ‘एचडब्ल्यू७०’ या चलात –२०० असे लिहिलेले असते तेव्हा ते उणे दोन प्रमाण विचलन वाचायचे असते, आणि मूल खुंटलेले म्हणायचे की नाही याची रेषा नेमकी तेथे आखलेली आहे. भारांकाचेही तसेच आहे. भारांक म्हणजे नमुन्यातील एका व्यक्तीला लोकसंख्येच्या हिशोबात किती वजन द्यायचे ते सांगणारी संख्या. २०११ च्या जनगणनेनुसार सिंधुदुर्गाची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आत आणि पुण्याची ९४ लाखांच्या पुढे होती, तरी प्रत्येक जिल्ह्याचा स्वतंत्र अंदाज हवा असल्याने सिंधुदुर्गातून लोकसंख्येच्या मानाने कितीतरी अधिक घरे घ्यावी लागतात. ती विषमता पुढे भारांकाने सावरली जाते. हा भारांक ‘व्ही००५’ मध्ये दशलक्षपट करून ठेवलेला असतो आणि वापरण्यापूर्वी त्याला दहा लाखांनी भागावे लागते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या फायलींत हाच प्रकार निराळ्या रूपात भेटतो: तेथील गुणक शंभराने भागायचा, पण दोन उपनमुने एकत्र करताना काही नोंदींसाठी तो दोनशेने भागायचा, आणि कोणत्या नोंदींसाठी, ते सोबतच्या टिपणात पाहायचे. हे टिपण हरवलेल्या फाइलला अभ्यासाच्या दृष्टीने काडीचीही किंमत उरत नाही.

कालगणनेचा पेच मराठी इतिहासाच्या अभ्यासकांना नवा नाही. पेशवे दफ्तरातील कागदावर सुहूर सन ११६१ असेल, तर इसवी सन काढण्यासाठी त्यात मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवावे लागतात. पानिपताची लढाई याच सुहूर सनात, पण इसवी सनाच्या १७६१ च्या जानेवारीत झाली. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची स्वतःची कालगणना याहून कमी चमत्कारिक नाही. तेथे जानेवारी १९०० हा पहिला महिना मानून पुढचे सर्व महिने सलग मोजतात, म्हणजे ऑगस्ट २०१९ हा १४३६ वा महिना होतो. दोन घटनांमधील अंतर साध्या वजाबाकीने मिळावे, हा त्यामागचा उद्देश, आणि तो चांगला साधतो. मात्र हे सर्वेक्षण ज्या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षण-मालिकेत मोडते, तिच्यातीलच नेपाळच्या फायलींत वर्षे विक्रम संवताची असतात. दोन देशांच्या फायली न पाहता जोडल्या, तर नेपाळी मुलाखती अर्धशतकाहून अधिक काळ पुढे, भविष्यात झालेल्या दिसतात. ही चूक निदान हास्यास्पद असल्यामुळे पकडली तरी जाते.

येथवरच्या उदाहरणांत विदाकोश अर्थ सांगण्याचे काम करतो. काही ठिकाणी तो अर्थ ठरवतो, आणि तेथे तो संशोधनाच्या गाभ्याशी जाऊन भिडतो. भारतात २०१७-१८ पासून होत असलेल्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात प्रत्येक व्यक्ती काय करते, हे दोन अंकी संकेताने नोंदतात. ११ म्हणजे स्वतःचा व्यवसाय करणारी व्यक्ती, २१ म्हणजे घरच्या व्यवसायात बिनपगारी मदत करणारी, ३१ म्हणजे नियमित पगारदार, ५१ म्हणजे रोजंदारीवर काम करणारी, ८१ म्हणजे कामाच्या शोधात असलेली. त्यापुढे ९२ म्हणजे केवळ घरकाम करणारी आणि ९३ म्हणजे घरकाम सांभाळून शिवाय घरापुरता लाकूडफाटा, चारा, भाजीपाला गोळा करणारी किंवा शिवणटिपण, विणकाम करणारी. ८१ पर्यंतचे संकेत श्रमबलात धरले जातात, ९१ पासून पुढचे धरले जात नाहीत. स्त्रियांच्या श्रमसहभागाचा जो टक्का वर्तमानपत्रांत छापून येतो आणि ज्याच्या चढउतारावर अर्थतज्ज्ञ वाद घालतात, त्याचा मोठा भार २१ आणि ९३ या दोन अंकांमधील सीमारेषेवर आहे.

ती रेषा आखणे शेतकरी कुटुंबात किती कठीण आहे, हे महाराष्ट्रातील कोणत्याही गावात दिसते. बांधावरून म्हशीला गवत आणणारी, धार काढणारी, वेळ पडली तर खुरपणीला जाणारी स्त्री ‘काय करता?’ या प्रश्नाला ‘काही नाही, घरीच असते’ असे उत्तर देते, आणि घरातला पुरुष तिच्यावतीने उत्तर देत असेल तर ते आणखी लवकर देतो. दूध डेअरीला जात असेल तर ती २१ मध्ये बसायला हवी. गवतच तेवढे लक्षात राहिले तर ९३ मध्ये जाईल. अन्वेषकाने पुढचा प्रश्न विचारलाच नाही तर ९२ मध्ये. म्हणून विदाकोशात ‘९३: घरकाम व इतर’ एवढे लिहून भागत नाही. अन्वेषकांना कोणत्या सूचना होत्या, उत्तर स्वतः दिले की दुसऱ्याने, किती कालावधीविषयी विचारले, हे त्यात किंवा त्याला जोडलेल्या सूचनापुस्तिकेत असल्याशिवाय त्या अंकाचे वजन कळत नाही. दोन वर्षांतील आकड्यांत फरक पडला, तर आधी सूचना बदलल्या का, ते पाहावे आणि मग स्त्रिया बदलल्या का, ते विचारावे. हा क्रम उलटा झाल्याची उदाहरणे चर्चांत वारंवार भेटतात.

मोठ्या सर्वेक्षणांमागे संस्था असतात, अनुभवी संख्याशास्त्रज्ञ असतात. एकेका चाचणीपुरत्या गोळा केलेल्या विदेचा सांभाळ त्याहून सैल असतो. २०१८ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात २४० रुग्णांवरील एका चाचणीचा लेख प्रसिद्ध झाला. फुप्फुसांच्या दीर्घकालीन विकारामुळे रुग्णालयात दाखल झालेल्यांना घरी गेल्यावरही परिचारिकांकडून मार्गदर्शन मिळाले, तर त्याच आजारासाठी पुन्हा रुग्णालय गाठण्याची पाळी कमी वेळा येते, सहा महिन्यांत माणशी १.४० ऐवजी ०.७२ वेळा, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढच्या वर्षी तो लेख मागे घेऊन दुरुस्त लेख छापावा लागला. दोन गटांना आधी १ आणि २ असे अंक होते, विश्लेषणासाठी त्यांचे ० आणि १ केले गेले आणि त्या बदलात गट उलटे झाले होते, ०.७२ हा आकडा नेहमीचेच उपचार मिळालेल्यांचा होता आणि १.४० हा नव्या सेवेतील रुग्णांचा. संशोधकांच्या हेतूत खोट नव्हती आणि गणितही बरोबर होते. चुकला होता तो एका चलाचा संकेत.

अशा चुका टाळण्याचा एक मार्ग म्हणजे क्रमच बदलणे. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात २००४ मध्ये तयार झालेली आणि आता जगभरच्या वैद्यकीय संशोधनात वापरली जाणारी रेडकॅप ही प्रणाली या बाबतीत उद्बोधक आहे. तिच्यात विदाकोश हा आरंभीचा आराखडा असतो: चलाचे नाव, प्रश्नाचे शब्द, पर्याय व त्यांचे अंक, किमान-कमाल मर्यादा, कोणत्या उत्तरानंतर कोणता प्रश्न विचारायचा, उत्तरातून व्यक्तीची ओळख उघड होते का, हे सारे एका तक्त्यात लिहून तो तक्ता प्रणालीला दिला की माहिती भरण्याचा फॉर्म त्यातूनच तयार होतो. त्यामुळे हिमोग्लोबिनच्या रकान्यात कोणी ११ ऐवजी ११० लिहू लागला तर फॉर्म तेथल्या तेथे सावध करतो. विदा गोळा झाल्यावर आठवून आठवून लिहिलेला विदाकोश आणि आधी लिहून त्यानुसार गोळा केलेली विदा यांत महत्त्वाचा फरक असा, की आधी लिहिताना संशोधकाला आपण नेमके काय मोजणार आहोत, हे स्वतःला विचारावे लागते. पुष्कळ प्रश्नावल्यांतील निरुपयोगी प्रश्न या टप्प्यावर आपोआप गळतात.

भारतीय विद्यापीठांत प्रबंध ‘शोधगंगा’ या संग्रहात जतन होतो, पण त्यामागची मूळ विदा सोबत ठेवण्याची रीत फारशी रुजलेली नाही, आणि जी ठेवली जाते ती एक्सेलच्या तक्त्यात, संशोधकालाच कळतील अशा लघुनावांखाली. तक्त्यांच्या या प्रणाली आपण होऊन अर्थ लावतात, हा त्यातला वेगळा उपद्रव. जम्मू-काश्मीरचा ०१ हा संकेत तेथे १ होतो आणि राज्य-जिल्हा-गाव असे अंक जोडून केलेला ओळख क्रमांक कोलमडतो. जनुकशास्त्रज्ञांना हा त्रास इतका झाला, की ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट२’ या जनुकांच्या नावांचे एक्सेल तारखांत रूपांतर करते म्हणून मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने ती नावेच बदलली, आणि २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत तसे नोंदवले. लहान प्रकल्पासाठी विदाकोश हा वेगळ्या, साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, एका चलाला एक ओळ या हिशोबाने ठेवावा आणि कोणता रकाना अंक म्हणून व कोणता मजकूर म्हणून वाचायचा, ते त्यात सांगावे. कोणत्याही कंपनीच्या प्रणालीवर तो अवलंबून नसल्याने वीस वर्षांनीही उघडता येतो. प्रत्येक बदलासोबत तारीख आणि कारण लिहिले, तर ‘जामा’तील प्रकारासारखी चूक निदान मागोवा घेत शोधता तरी येते.

विदा इतरांना खुली करताना विदाकोशावर आणखी एक जबाबदारी येते, ती म्हणजे जाणूनबुजून केलेले फेरफार सांगण्याची. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील कुटुंबे ओळखू येऊ नयेत म्हणून गावांची व वस्त्यांची नकाशावरील ठिकाणे मुद्दाम हलवून दिली जातात: शहरी ठिकाणे दोन किलोमीटरपर्यंत, ग्रामीण ठिकाणे पाच किलोमीटरपर्यंत आणि ग्रामीणांपैकी शंभरातील एखादे दहा किलोमीटरपर्यंत. जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करणाऱ्याला याने काही बाधा येत नाही. परंतु गावापासून आरोग्य उपकेंद्र किती दूर आहे आणि त्याचा बाळंतपणावर काय परिणाम होतो, हे या ठिकाणांवरून मोजू पाहणाऱ्या अभ्यासकाने ती ओळ सर्वांत आधी वाचायला हवी, कारण सपाट प्रदेशात साधारण पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे असा निकष आहे, आणि जेथे तो पाळला गेला आहे तेथे गाव व उपकेंद्र यांतील खरे अंतर पुष्कळदा त्या पाच किलोमीटरांहून कमी असते.